मातीचं निवडण

1880 साली थॉमस एडिसनने खनिज निवडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. वरून चुरा पडायचा आणि बाजूला चुंबक असायचा. लोहाचे कण त्याच्याकडे झुकत आणि वेगळ्या खणात पडत, बाकीची वाळू सरळ खाली जाई. न्यू जर्सीत ऑग्डेनच्या खाणीवर त्याने हे काम अफाट प्रमाणावर चालवलं. पुढे मिनेसोटातल्या मेसाबी पट्ट्यातलं कसदार खनिज स्वस्तात येऊ लागलं, तेव्हा 1900 च्या सुमारास त्याला गाशा गुंडाळावा लागला.

एडिसनला लोखंड हवं होतं, माती टाकायची होती. दूषित जमिनीचं निवडण उलटं आहे. तिथे माती हाच दाणा आणि विष हा खडा. शिवाय हे खडे लोखंडासारखे चटकन ओढले जात नाहीत. युरेनियम आणि प्लुटोनियमची बरीच संयुगं चुंबकाला जेमतेम दाद देतात.

ती अडचण सोडवली पोलादाच्या काथ्याने. कणावरची ओढ नुसत्या चुंबकाच्या ताकदीवर ठरत नाही; क्षेत्र किती थोड्या अंतरात बदलतं, यावरही ठरते. बारीक तारेच्या कडेशी ते एकदम बदलतं. एमआयटीतल्या हेन्री कोल्म यांनी म्हणूनच भांडी घासायच्या घासणीसारखा पोलादी काथ्या नळकांड्यात भरून तो प्रबळ चुंबकात ठेवला. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जियात कागदाला लागणारी केओलिन माती या युक्तीने पांढरी होऊ लागली. माती पाण्यात कालवून सोडायची, डाग पाडणारे लोहयुक्त कण तारांना चिकटतात. मग चुंबक बंद करून काथ्या धुवायचा. इतकं साधं!

1990 च्या दशकात लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी हाच काथ्या किरणोत्सारी मातीवर वापरून पाहिला. अणुबॉम्ब जिथे घडला, तिथेच त्याचा मागे राहिलेला कचरा निवडण्याची खटपट सुरू झाली, हे मोलाचं वाटतं.

2011 च्या जपानमधल्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर गोष्ट आणखी नाजूक झाली. तिथल्या मातीत मिसळलेल्या किरणोत्सारी सिझियमला चुंबक ओढत नाही. पण ते चिकणमातीच्या ज्या खनिजांच्या थरांत घट्ट रुतून बसतं, त्यांतल्या काहींमध्ये लोह असतं. ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवाहक चुंबकाने सिझियमऐवजी त्याचं घरच ओढून काढायचे प्रयोग केले. फुकुशिमात खरवडून साठवलेली माती सुमारे 1.4 कोटी घनमीटर आहे आणि कायद्याप्रमाणे 2045 पर्यंत तिची अंतिम विल्हेवाट त्या प्रांताबाहेर लावायची आहे. निवडण जितकं नेटकं होईल, तितके त्या वाटेवरचे ट्रक कमी लागतील.