भंगारवाल्याची बायको आणि लाल झेंडा

मंडळी, ग्रीनव्हिल परिसरात राहणारे आपल्यातले बरेच जण बीएमडब्ल्यू नाहीतर मिशेलिनच्या नोकरीमुळे इथे आले. त्यामुळे या गावाचा आणि गाड्यांचा संबंध ग्रीअरचा कारखाना १९९४ साली सुरू झाला तेव्हापासूनचा, अशी आपली एक समजूत असते. तो संबंध त्याच्या पन्नास वर्षं आधीचा आहे, आणि त्यात एक बाई आहे. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

बाईंचं नाव लुईज स्मिथ. जन्म १९१६, जॉर्जिया राज्यातला. नवरा नोआ स्मिथ, ग्रीनव्हिलमध्ये जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकायचा. आपल्या भाषेत भंगारवाला. तेव्हा हे गाव कापडगिरण्यांचं होतं, आपल्या गिरणगावासारखं. युद्ध संपलं, गिरणी कामगारांच्या हातात थोडा पैसा खुळखुळू लागला आणि सुटीच्या दिवशी करमणूक हवी होती. ती स्टॉक कार रेसिंगने पुरवली. स्टॉक कार म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेली नव्हे, शोरूममध्ये मिळते तीच साधी गाडी. ती हाणण्यात तरबेज कोण? तर या डोंगरातून हातभट्टीची दारू रात्री शहरात पोचवणारी पोरं. पोलिसांना चुकवून चुकवून त्यांचा हात बसलेला. लुईजबाई दारूच्या धंद्यात नव्हत्या, पण गावातल्या पोलिसांना गाडी पळवून झुकांडी देतात अशी त्यांची ख्याती होती.

१९४६ साली बिल फ्रान्स नावाचा आयोजक (यानेच पुढे नॅस्कार काढली) ग्रीनव्हिल-पिकन्स स्पीडवेवर शर्यत भरवत होता. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. तिकिटं खपायला काहीतरी नवीन हवं होतं. बाई चालक आणली तर लोक बघायला येतील, एवढाच त्याचा हिशोब. लुईजबाईंनी तोवर शर्यत बघितलेलीसुद्धा नव्हती. त्यांना एकच सांगितलं गेलं, लाल झेंडा दिसला की थांबायचं. चौकटीचा झेंडा पडला, शर्यत संपली, बाकीच्या गाड्या थांबल्या आणि या आपल्या फेऱ्या मारतच राहिल्या. शेवटी कुणालातरी आठवलं आणि लाल झेंडा दाखवला तेव्हा थांबल्या. नंबर तिसरा!

पुढच्या वर्षीचा किस्सा तर त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. नवऱ्याची नवी फोर्ड घेऊन फ्लोरिडात डेटोनाला शर्यत बघायला गेल्या. बघत बसणं काही जमेना, उतरल्या शर्यतीत, आणि गाडी उलटली. घरी येऊन सांगितलं, गाडी ऑगस्टाला बिघडली. नोआने समोर वर्तमानपत्र ठेवलं. पहिल्या पानावर चेंदामेंदा झालेल्या फोर्डचा फोटो.

हे किस्से इंटरनेटवर सगळीकडे सापडतात, आणि माझी तक्रार तीच आहे. हसवणारी बाई म्हणून त्या उरल्या. कामाचा हिशोब कुणी मांडत नाही. १९४५-४६ पासून १९५६ पर्यंत दहाएक वर्षं त्या स्थानिक ट्रॅकवर पळाल्या. मॉडिफाइड प्रकारात ३८ विजय त्यांच्या नावावर आहेत. नॅस्कारच्या वरच्या मालिकेत १९४९ ते १९५२ मध्ये ११ शर्यती, त्यातला सर्वोत्तम क्रमांक १६वा, पेनसिल्व्हेनियातल्या लँगहॉर्नला. नॉर्थ कॅरोलायनात हिल्सबरोला गाडी अशी उडाली, की त्यांना गॅस कटरने पत्रा कापून बाहेर काढायला ३६ मिनिटं लागली. एकदा ४८ टाके पडले, डाव्या गुडघ्यात चार पिना बसल्या. बऱ्या झाल्या की परत ट्रॅकवर. पोस्टरवर नाव मोठं, हातात पडणारे पैसे थोडे, आणि गाडी मोडली तर खर्च आपला.

आणि त्या एकट्या नव्हत्या, बरं का. १० जुलै १९४९ला डेटोनाच्या एकाच शर्यतीत तीन बायका होत्या: लुईजबाई, सारा ख्रिश्चन आणि एथेल मोब्ली. एथेल ११व्या आल्या. त्यांचे तीन भाऊ त्याच शर्यतीत होते, त्यातले दोघे बहिणीच्या मागे राहिले. सारा त्याच सप्टेंबरमध्ये लँगहॉर्नला सहाव्या आल्या, तेव्हा विजेत्या कर्टिस टर्नरने त्यांना आपल्या शेजारी मंचावर बोलावलं. ऑक्टोबरात पिट्सबर्गजवळ त्या पाचव्या आल्या. नॅस्कारच्या वरच्या मालिकेत बाईने त्याच्या वर नंबर अजून काढलेला नाही. साल १९४९!

मग पुढे काय झालं? माझ्या मते, ज्या हिशोबाने बायकांना आत घेतलं त्याच हिशोबाने बाहेर ठेवलं. खेळ रुजला, बायका नसल्या तरी गर्दी जमू लागली. स्थानिक ट्रॅकवर बायकांसाठी ‘पावडर पफ डर्बी’ नावाच्या वेगळ्या शर्यती असायच्या, मुख्य कार्यक्रमाच्या आधी वेळ भरायला. मोठ्या मैदानात खऱ्या अर्थाने लढणारी बाई पुन्हा दिसली ती १९७६ साली, जॅनेट गथ्री. इंडियानापोलिसच्या मोठ्या ट्रॅकवर तर १९७१ पर्यंत बायकांना पिटमध्ये पाय ठेवू देत नसत.

हाच हिशोब कातडीच्या रंगाबाबतही होता. १९५२ साली व्हर्जिनियात डॅनव्हिलच्या आयोजकांना गर्दीसाठी काळा चालक हवा होता. त्यांनी पोलिसांना विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त पळवणारा काळा माणूस कोण? पोलिसांनी वेंडेल स्कॉटचं नाव सांगितलं. स्कॉट शोभेची वस्तू म्हणून आले आणि पुढे १९६३ साली जॅक्सनव्हिलला जिंकले. त्या दिवशी करंडक मात्र दुसऱ्याच्या हातात दिला गेला. स्कॉटच्या घरच्यांना तो मिळाला २०२१ मध्ये.

लुईजबाई १९७१ मध्ये गाडीमालक म्हणून रेसिंगमध्ये परतल्या, तरुण चालकांच्या मागे स्वतःचे पैसे लावले. १९८९ पर्यंत डार्लिंग्टनच्या शर्यतीसोबत होणाऱ्या सौंदर्यस्पर्धेच्या त्या प्रमुख पाहुण्या असत. गुडघ्यात पिना घेऊन फिरणाऱ्या बाईला खेळाने हे मानाचं काम दिलं, यावर मी वेगळं काय बोलू. १९९९ मध्ये अलाबामातल्या टॅलडेगाच्या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. तिथे मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई, वय ८२. एप्रिल २००६ मध्ये त्या गेल्या.

नॅस्कारचा स्वतःचा हॉल ऑफ फेम शार्लटला आहे, २०१० साली सुरू झालेला, आपल्यापासून दीड-दोन तासांवर. पाहुणे आले की आपण त्यांना नेतोच तिकडे. वेंडेल स्कॉट तिथे २०१५ मध्ये पोचले. मी हे लिहीपर्यंत तरी मानकऱ्यांच्या त्या यादीत एकही बाई चालक नाही. पुढच्या खेपेला गेलात तर बाहेर पडताना काउंटरवर लुईज स्मिथ कुठे आहेत, असं विचारा. मी दर वेळी विचारतो.