संगणकाच्या गणितातील 'किरकोळ' फरक

राजापूर तालुक्यातील (जि. रत्नागिरी) नाटे हे यशवंतगड आणि मच्छीमारी यांसाठी परिचित असलेले खाडीकाठचे गाव. त्याचा पूर्व रेखांश ७३ अंशांहून थोडा अधिक आहे. हा आकडा संगणक कसा साठवतो, यावर तेथील एखाद्या बांधाची जागा काही सेंटिमीटरने सरकू शकते.

संगणक ० आणि १ या दोनच अंकांत, म्हणजे द्विमान पद्धतीने, संख्या लिहितो. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहिताना ०.३३३... हे अंक संपत नाहीत. द्विमान पद्धतीत ०.१ची हीच गत होते. जागा मर्यादित असल्याने जवळची संख्या स्वीकारावी लागते. यातून उद्भवणारा फरक म्हणजे 'राउंडिंग एरर'. अनेक संगणकीय भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केल्यास सतराव्या दशांश स्थानी ४ उरतो, तो यामुळेच.

अपूर्णांक साठवण्याच्या 'फ्लोटिंग पॉइंट' पद्धतीला १९८५मध्ये आयईईई ७५४ या मानकाने शिस्त आणली. त्यात गणितज्ञ विल्यम कहान यांचा मोठा वाटा होता. ३२ बिटांच्या प्रकारात सुमारे सात, तर ६४ बिटांच्या प्रकारात १५ ते १६ अंक विश्वासार्ह असतात.

नाटे येथील रेखांश ३२ बिटांत साठवल्यास लगतच्या दोन संख्यांत सुमारे ०.०००००७६ अंशाचे अंतर राहते. येथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किलोमीटरचा असल्याने हे अंतर ८० सेंटिमीटर होते. अर्थात नोंद ४० सेंटिमीटरपर्यंत चुकू शकते. समुद्रातील होडीला त्याने फरक पडत नाही. दोन भावांमधील जांभ्याच्या गडग्याला मात्र पडतो. ६४ बिटांत हीच चूक मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते.

लहान चूक साचत गेल्यास अनर्थ ओढवतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे 'पेट्रियट' यंत्रणा इराकी क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. सेकंदाचा दहावा भाग २४ बिटांत तोडून साठवल्याने, सुमारे १०० तास अखंड चाललेल्या यंत्रणेच्या वेळेत एक-तृतीयांश सेकंदाची तफावत पडली होती.

यावर उपाय साधे आहेत. पैशांचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावा, स्थाननिश्चितीसाठी ६४ बिट वापरावेत आणि आकडा शेवटच्या पायरीवरच जवळच्या अंकापर्यंत आणावा.