मृतांची नावे आणि समित्यांचे अहवाल

महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांच्या मनात 'समिती' या शब्दाविषयी फारसा आदर उरलेला नसतो. सभेची सूचना, गणपूर्तीची वाट पाहणे, मागील इतिवृत्त कायम करणे, चहा आणि पुढच्या सभेची तारीख, एवढ्यात तो अनुभव संपतो. इंग्लंडच्या ईशान्य भागातील कोळसाखाणींचा इतिहास वाचताना एकामागून एक समित्या भेटू लागल्या, तेव्हा आम्हांलाही प्रथम थोडा कंटाळाच आला. पुढे मात्र ध्यानात आले, की त्या प्रदेशात माणसाच्या मृत्यूची नोंद कशी होऊ लागली, हाच या समित्यांचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही तो वाचावा असा आहे.

या इतिहासाची सुरुवात मौनापासून होते. १७६७ मध्ये 'न्यूकॅसल जर्नल' या वृत्तपत्राने खाणीतील एका स्फोटाविषयी लिहिताना, अशा घटनांची विशेष दखल घेऊ नये अशी आपल्याला विनंती झाली आहे, असे सांगून विषय तेथेच सोडला होता. विनंती करणारे कोण, हे सांगण्याची गरज नव्हती. सारा प्रदेश कोळशावर जगत होता आणि कोळसा मोजक्या मालकांच्या हाती होता.

२५ मे १८१२ रोजी टाइन नदीजवळच्या फेलिंग येथील खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसे मेली. त्यांत आठ-दहा वर्षांची मुलेही होती. आग विझवण्यासाठी खाणीची तोंडे बुजवावी लागली. प्रेते बाहेर काढण्याचे काम सुरू झाले ते जुलैत. ही माणसे ज्यांच्या धर्मक्षेत्रातील होती, त्या जॉन हॉजसन या धर्मोपदेशकांनी अंत्यसंस्काराच्या प्रवचनासह दुर्घटनेचा सविस्तर वृत्तांत छापला. त्यात खाणीचा नकाशा होता आणि मृतांची नावनिशीवार यादी होती. हेवर्थच्या दफनभूमीतील स्मारकावरही ती नावे कोरलेली आहेत. आम्हांला या वृत्तांताचे महत्त्व वाटते ते त्या यादीमुळे. 'विनंती'वरून पाळल्या जाणाऱ्या मौनाला दिलेले ते सर्वांत साधे आणि सर्वांत कठोर उत्तर होते.

पुढच्याच वर्षी, १८१३ मध्ये, सुंदरलँड येथे कोळसाखाणींतील अपघात टाळण्यासाठी एक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात धर्मोपदेशक होते, डॉक्टर होते, जमीनदार होते आणि खाणींचा तांत्रिक कारभार पाहणारे 'व्ह्यूअर' होते. यांपैकी कोणालाही या कामाचे वेतन नव्हते. वॉल्सएंडच्या खाणीचे नामांकित व्ह्यूअर जॉन बडल यांनी सोसायटीच्या पहिल्या अहवालासाठी खाणींतील वायुवीजनावर एक दीर्घ पत्र लिहिले. यांत्रिक उपायांनी जे साधण्यासारखे आहे ते बहुतेक साधून झाले, आता आशा रसायनशास्त्राकडूनच, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या विद्येची मर्यादा लेखी कबूल करणे कोणत्याही तज्ज्ञाला जड जाते. पण या कबुलीमुळेच पुढची वाट उघडली. सोसायटीचे सदस्य रॉबर्ट ग्रे यांनी सर हम्फ्री डेव्ही यांना पाचारण केले. ऑगस्ट १८१५ मध्ये डेव्ही खाणी पाहून गेले, ९ नोव्हेंबरला त्यांनी रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत त्यांच्या जाळीच्या सुरक्षादीपाची परीक्षा झाली. या दिव्याचे एकस्व त्यांनी घेतले नाही.

त्याच सुमारास किलिंगवर्थच्या खाणीत जॉर्ज स्टीफन्सन आपला दिवा घेऊन वायूच्या तोंडाशी उभे राहत होते, आणि त्यांच्यासोबत निकोलस वुड नावाचा विशीतला तरुण व्ह्यूअर होता. दिवा आधी कोणाचा, यावरून झालेला वाद सर्वांना माहीत असतो. वुड यांचे नाव मात्र फार थोड्यांना आठवते. आपल्या कथेत ते पुन्हा येणार आहेत.

शालेय पुस्तकांतली दिव्याची गोष्ट येथे सुखान्त होते. आकडे मात्र वेगळेच सांगतात. १८३५ मध्ये संसदेच्या निवड समितीपुढे आलेल्या हिशेबानुसार डरहॅम आणि नॉर्थम्बरलंड या परगण्यांत दिव्याच्या आधीच्या १८ वर्षांत ४४७ माणसे मेली होती, तर नंतरच्या १८ वर्षांत ५३८. खाणकाम वाढले होते, हे त्याचे एक कारण. पण दिवा हाती आला म्हणून पूर्वी धोकादायक ठरवून सोडून दिलेले थर पुन्हा खणले जाऊ लागले, हे दुसरे आणि अधिक अस्वस्थ करणारे कारण होते. सोसायटीने जे जीव वाचवण्यासाठी मागितले, ते कोळसा काढण्यासाठी वापरले गेले. दिवा कसा असावा हे समिती सांगू शकत होती. तो कोठे न्यावा हे ठरवण्याचा अधिकार तिला नव्हता.

हा धडा साउथ शील्ड्सच्या समितीने घेतला. १८३९ मध्ये त्या गावातील सेंट हिल्डा खाणीत स्फोट होऊन पन्नासच्या आसपास माणसे मेली, तेव्हा गावातील नागरिकांनी स्वेच्छेने एक समिती नेमली. जेम्स मॅथर तिचे मानद चिटणीस होते. तिचा अहवाल १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ दिव्यावर भिस्त ठेवणे घातक आहे, वायुवीजन सुधारले पाहिजे, खाणीत उतरण्याच्या विहिरी पुरेशा असल्या पाहिजेत, अधिकाऱ्यांना शास्त्रीय शिक्षण हवे आणि खाणींवर सरकारी तपासनीस हवेत, असा त्याचा आशय होता. तपासनिसांचा कायदा १८५० मध्ये झाला.

यानंतर व्ह्यूअर मंडळी स्वतःच एकत्र आली. १८५२ मध्ये सीहॅमच्या खाणीतील स्फोटानंतर न्यूकॅसल येथे त्यांची सभा भरली आणि तीतून नॉर्थ ऑफ इंग्लंड इन्स्टिट्यूट ही खाण-अभियंत्यांची संस्था उभी राहिली. अपघातनिवारण हा तिचा स्थापनेचा हेतू होता. पहिले अध्यक्ष झाले निकोलस वुड, किलिंगवर्थचे तेच तरुण. आता ते हेटनच्या खाणींचे कारभारी आणि भागीदार होते. १८६५ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते त्या पदावर राहिले.

या संस्थेचे बरेचसे काम सदस्यांनी नोकरी सांभाळून, समित्यांमधून केले. खाणीत सुरुंगासाठी वापरायच्या ज्वालारहित स्फोटकांची परीक्षा करणाऱ्या समितीचे अहवाल १८९० च्या दशकात निघाले. दोन परगण्यांत ठिकठिकाणी खणलेल्या विहिरी आणि घेतलेले वेध यांत कोणता थर किती खोलीवर लागला, याच्या नोंदी गावांच्या वर्णानुक्रमे छापण्याचे काम १८७८ मध्ये सुरू झाले, ते १९१० मध्ये संपले. 'अ'पासून शेवटच्या अक्षरापर्यंत जायला ३२ वर्षे! मराठीत कोशांची कामे कशी चालतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या चिकाटीची किंमत वेगळी सांगायला नको.

तरीही एक प्रश्न उरतोच. १६ जानेवारी १८६२ रोजी हार्टली येथे पाणी उपसणाऱ्या इंजिनाची प्रचंड लोखंडी तुळई मोडून खाणीच्या एकुलत्या एका विहिरीत कोसळली. दुसरी वाट नव्हती. २०४ माणसे आणि मुले मेली. विहिरी पुरेशा हव्यात, हे साउथ शील्ड्सच्या अहवालात १९ वर्षांपूर्वीच छापलेले होते आणि अभियंत्यांची संस्थाही दहा वर्षांची झाली होती. बाहेर पडण्याच्या दोन वाटा सक्तीच्या करणारा कायदा झाला तो त्याच वर्षी, हार्टलीनंतर.

असे का व्हावे? उत्तर समित्यांच्या रचनेतच आहे, असे आम्हांला वाटते. सुंदरलँडला धर्मोपदेशक होते, न्यूकॅसलला अभियंते होते. पण अभियंत्यांचा पगार मालक देत होते, आणि जो रोज खाली उतरत होता त्याला या टेबलांभोवती खुर्ची नव्हती. स्वेच्छेने काम करायला सवड लागते, वर्गणी लागते, लिहिण्याची सवय लागते. या तीनही गोष्टी खाणकामगाराला दुर्मीळ होत्या.

ही परंपरा आपल्याकडेही आली. १९०६ मध्ये कलकत्त्यात मायनिंग अँड जिऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९५५ च्या खाण नियमांत पुढे सुरक्षा-समितीची तरतूद आली आणि तीत कामगारांनी सुचवलेल्या प्रतिनिधींना जागा मिळाली. चंद्रपूर-वणीकडच्या खाणींनाही ती लागू झाली. सुंदरलँडला रिकामी राहिलेली खुर्ची अशा रीतीने, निदान कागदावर, भरली गेली.

आम्ही अहवालाला वाङ्मय मानत नाही. अभ्यासक्रमात त्याला स्थान नसते. पण हॉजसन यांची यादी आणि बडल यांचे पत्र वाचल्यावर वाटते, की गद्याची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. माणसे कशी मेली हे स्पष्ट लिहायचे, कोणाला वाईट वाटेल याचा विचार बाजूला ठेवायचा, आणि आपल्याला काय ठाऊक नाही तेही नोंदवायचे. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त 'वाचून कायम' करताना आम्ही ते एकदा खरोखरच वाचून पाहणार आहोत.