‘बोस्तान-ए-खयाल’मधला इश्क

अब्जदच्या हिशेबाने ‘बोस्तान’ची अक्षरे ५१९ भरतात, ‘खयाल’ची ६४१. बेरीज ११६०. हेच हिजरी साल, म्हणजे इ. स. १७४७. त्या साली सिराज औरंगाबादी यांनी ‘बोस्तान-ए-खयाल’ ही मसनवी लिहिली आणि नावातच तारीख गुंफली. तिचा विषय आहे एका देखण्या तरुणावरचे प्रेम, ताटातूट आणि विरहाची आग.

सिराज आपल्या मुलखातले, दखनी मातीतले सूफी. ऐन तारुण्यात जज्बच्या अवस्थेत ते खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यापाशी भटकत राहिले. अकोल्या-अमरावतीच्या मुशायऱ्यांत आजही त्यांचे नाव अदबीने घेतले जाते; मसनवीचा विषय मात्र कोणी काढत नाही.

गझलेत माशूक पुल्लिंगी असतो. ही पुष्कळदा केवळ रीत असते, कधी पडद्याची मर्यादा, तर कधी माशूक म्हणजे खुद्द खुदा. म्हणून प्रत्येक शेरावरून शायराच्या आयुष्याचा निवाडा करणे चूक. पण सिराजची मसनवी हकीकत म्हणून सांगितलेली आहे. तिथे व्याकरणाची सबब चालत नाही. मौलाना हाली यांनी १८९३ च्या ‘मुकद्दमा’त माशूकाच्या उघड पुरुषी वर्णनावर आक्षेप घेतला. परंपराच नसती, तर आक्षेप कशावर घेतला असता?

हे प्रेम पश्चिमेकडून आले असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. पश्चिमेकडून आला तो कायदा. दंडसंहितेचे कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये केले, १८६२ पासून लागू झाले. सिराज त्याच्या शंभर वर्षे आधीचे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध या कलमातून वगळले. सिराजची ही मसनवी सलीम किदवई आणि रूथ वनिता यांनी २००० साली आपल्या संकलनात घेतली, तेव्हा ते कलम जिवंत होते.

लग्नाची गोष्ट वेगळी. सिराजने निकाह मागितला नाही. इश्क-ए-मजाजीतून त्यांनी इश्क-ए-हकीकीकडे तोंड वळवले. फिकहमध्ये निकाह हा स्त्री-पुरुषांमधला करार आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि तो प्रश्न संसदेचा ठरवला. तेव्हा मसनवीच्या आधारे निकाहाचा दावा करता येत नाही. आणि निकाह नाही म्हणून मसनवी पुसूनही टाकता येत नाही.

हलाल-हराम सांगणे उलेमांचे काम. इतिहास शिकवणाऱ्याचे काम आहे ते झाकून न ठेवण्याचे. आपल्या वर्गांत, आपल्या घरांत असा एखादा मुलगा असतो, ज्याला टोपणनावाने चिडवले जाते आणि मोठी माणसे हसण्यावारी नेतात. गीबत आणि टिंगल आपल्या दीनमध्येही गुनाहच आहे. ज्या जमातीने सिराजला ‘शाह सिराज’ म्हणून मान दिला, तिला त्या मुलाशी माणुसकीने वागणे जड जाऊ नये.