रुळाचे गाव, सडकेचे गाव

दिवाळीत आमच्या घरी फराळाइतक्याच नेमाने होणारा एक कार्यक्रम म्हणजे वडील आणि मामा यांचे भांडण. वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर; मामा शिरूर तालुक्यातले, न्हावऱ्याकडचे कोरडवाहू शेतकरी. भाऊबीजेला मामा चौफुल्यावर एस.टी. बदलून दौंडला येत. आईने ओवाळून ताम्हन खाली ठेवले न ठेवले तोच वडील विचारीत, "काय पाव्हणं, तुमच्या शिरूरला अजून आगगाडी नाही आली?" मामा करंजी मोडता मोडता सांगत, "नाही आली तेच बरं आहे, दाजी. आमच्याकडं सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी पांढरंच निघतं." दौंडच्या दोरीवरचे धोतर संध्याकाळी कसे निघे, हे आईला विचारावे.

वडील आता नाहीत. मामा थकले आहेत. वाद मात्र वारशाने माझ्याकडे आला. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. पण भीमेवरचा पारगावचा पूल ओलांडला की माणूस एका तालुक्यातून दुसऱ्यात जातो. पाऊस दोन्हीकडे सारखा, म्हणजे सारखाच अपुरा. ज्वारी तीच, बोली तीच. असे असून पोटाला काम कधी या काठावर जास्त, तर कधी त्या काठावर. आगगाडी हे निमित्त होते. वडिलांच्या आणि मामांच्या भांडणाचा खरा मुद्दा हाच होता.

या मुलखाचा जुना पगारी धंदा म्हणजे घोडा. भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती, आणि तट्टू ज्याच्या दावणीला तो घरचा एक मुलगा शिलेदारीला धाडू शके. पुढे इंग्रजांनी घोडनदीच्या काठी शिरूरला छावणी घातली. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली ती शिरूरहूनच, आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे तिची पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. 'पूना हॉर्स' या घोडदळाचे ठाणेही बराच काळ शिरूरला होते. छावणी म्हटली की गवतवाला आला, नालबंद आला, मोची, धोबी, भिस्ती आला. 1809 साली तेथे वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला तर लोक सत्पुरुषाची जागा मानू लागले. परक्या फौजेच्या अधिकाऱ्याला नवस बोलणारे गाव त्या फौजेवर किती जगत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. दौंडचे नाव त्या काळी कोणी फारसे घेत नसे.

मग आगगाडी आली. 1858 साली ती पुण्याला पोहोचली आणि दोन वर्षांत रूळ सोलापूरला भिडले. मद्रासकडे निघालेल्या रुळाला नगरची सडक वाकडी पडत होती. तो दौंडवरून गेला आणि शिरूर बाजूला राहिले. रूळ घालताना मातीकामाला आणि गाडीभाड्याला माणसे हवी होती. पाठोपाठ 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कुणब्याच्या हातात रोकड खेळू लागली, आणि रोकड दिसली की सावकार उधारी वाढवतो. पुढे युद्ध संपले, कापूस उतरला, रुळाचे काम दूर गेले, आणि सरकारने साऱ्याची फेरआकारणी करून तो चढवून ठेवला. मजुरी गेली, कर्ज राहिले.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या शेतात कोणी राबेना, घरी पाणी कोणी भरीना, न्हावी फिरकेना. ज्यांच्यापाशी हातांखेरीज काही उरले नव्हते त्यांनी ते हातच आखडून घेतले. 12 मे 1875 रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या. इतिहासात या प्रकाराला दख्खनचे दंगे म्हणतात आणि त्याचे कारण कर्ज असे सांगतात. ते खरेच आहे. परंतु त्या कर्जाच्या मागे सुटलेली मजुरी उभी होती, असे मला वाटते.

वर्ष उलटते न उलटते तोच 1876 चा दुष्काळ आला. दौंड-मनमाड रुळाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लागले, आणि 1878 साली ती वाट सुरू झाली. त्या काळी सरकारी दुष्काळी कामावर माणूस जगेल एवढेच द्यायचे, असा हिशेब होता. 1877 च्या जानेवारीत मजुरी आणखी छाटली तेव्हा पुणे जिल्ह्यातले हजारो मजूर कामे टाकून गेले, आणि सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. उपाशी माणूस संप करतो, हे मुंबईच्या साहेबांना पटेना.

त्या मातीकामाने दौंडचे दैव मात्र फिरले. दक्षिणेचा रूळ आणि उत्तरेचा रूळ येथे मिळाले आणि गावाचे जंक्शन झाले. नगरचा माल शिरूरच्या सडकेने बैलगाडीतून येई तो रुळाने जाऊ लागला. शिरूरच्या गाडीवानांनी त्या वर्षी दिवाळी कशी केली असेल, कोण जाणे.

वाफेचे इंजिन हे माणसे खाणारे, म्हणजे पोसणारे, यंत्र होते. त्याला कोळसा भरायला माणूस, पाणी पाजायला माणूस, राख काढायला माणूस. आजोबा फायरमन होते. रात्री दोनला गाडी असली की कॉलबॉय कंदील घेऊन दारात येई आणि वहीवर अंगठा घेऊन जाई. कॉलबॉय ही स्वतंत्र नोकरी होती, आणि एका घराची चूल तिच्यावर पेटे. त्यातून दौंडच्या रुळांची रचना अशी की पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. तेवढा वेळ गाडी थांबे, आणि तेवढ्या वेळात चहावाले, भजीवाले, हमाल, पेपरवाले असे अर्धे गाव जगून घेई. रेल्वेत चिकटलेल्या मुलाला शिरूरकडचे लोक डोळे मिटून मुलगी देत. माझी आई दौंडला आली ती याच हिशेबाने.

बायकांच्या कामाचा विषय निघालाच आहे तर याच रुळावरचे केडगाव विसरता येत नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या निराधार बायका-मुली आणून तेथे ठेवल्या आणि त्यांना विणकामापासून छपाईपर्यंतची कामे शिकवली. त्यांनी जुळवलेल्या खिळ्यांवर पुस्तके निघाली. आजोबांच्या शेडमध्ये त्या काळी एकही बाई कामाला नव्हती.

1972 च्या दुष्काळाने दोन्ही काठ पुन्हा एका रांगेत बसवले. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मामा त्यांतलेच एक. खडी फोडून सुकडी घरी आणीत. वडिलांचा पगार त्या वर्षी दोन घरांत वाटला गेला, आणि आई सांगते, त्या भाऊबीजेला आगगाडीचा विषय कोणी काढला नाही.

पारडे फिरले ते रांजणगावला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली निघाले. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याची नजर पुणे-नगर सडकेवर अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या शेजारच्या माळावर गेली. व्हर्लपूलचे फ्रीज, एलजीचे टीव्ही, फियाटच्या मोटारी, पुढे हायर, असे कारखाने तेथे आले. ज्या शिरूरला रूळ मिळाला नाही त्याला सडकेने हात दिला, कारण कारखान्याचा माल आता ट्रकने जातो. दौंडच्या वाट्याला कुरकुंभची वसाहत आली. ती रसायनांची, तेथे टाक्या मोठ्या आणि माणसे थोडी.

जनगणना हे लख्ख सांगते. 2001 साली दौंड तालुक्याची वस्ती सुमारे 3 लाख 41 हजार आणि शिरूरची 3 लाख 10 हजार. दहा वर्षांनी दौंड 3 लाख 80 हजार, शिरूर 3 लाख 85 हजार. म्हणजे मामांनी डाव जिंकला! गंमत एवढीच की 2011 सालीही शहर म्हणून दौंडच मोठे होते, 49 हजारांचे; शिरूर शहर 37 हजारांचे. वाढली ती सणसवाडी, शिक्रापूर, कारेगाव अशी सडकेवरची गावे.

दौंडचे दिवस मात्र उतरले. 1990 च्या दशकात वाफेची इंजिने गेली आणि त्यांच्याबरोबर कोळसेवाला, राखवाला, कॉलबॉय गेले. अलीकडे दौंडला कॉर्ड लाइन झाली. मनमाडकडच्या कित्येक गाड्या इंजिन न फिरवता गावाबाहेरून निघून जातात. देशभरात रेल्वेची माणसे 1991 च्या सुमारास साडेसोळा लाख होती, ती बारा लाखांच्या आसपास आली आहेत. 2019 साली रेल्वेने सुमारे 35 हजार जागा काढल्या, त्यांना सव्वा कोट अर्ज आले. दौंडला राज्य राखीव पोलिसांचे दोन गट आहेत, त्यामुळे पोरांना खाकीचीही ओढ. पहाटे पाचला सडकेवर भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांतली काही माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि काहींचे वय निघून गेले तरी पाय थांबत नाहीत.

मग निकाल शिरूरच्या बाजूने द्यावा काय? तसा तो द्यायलाच बसलो होतो. तालुक्याची बेकारी सांगणारा आकडा सरकारी पाहणीत निघत नाही. 2017-18 पासून श्रमबलाची पाहणी दरवर्षी होते; पहिल्या वर्षी तिने देशातली बेकारी 6.1 टक्के सांगितली, पण ती सांगते देशाचे आणि राज्याचे. त्यातल्या एका मोजणीत वर्षातले तीस दिवस काम केलेला माणूसही कामकरी धरतात. तेव्हा मी माझ्यापुरता दुसरा दस्तऐवज उघडला, शाळेतले प्रवेश अर्ज. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात पूर्वी ओळीने 'शेती' आणि 'शेतमजुरी' असे. आता 'कंपनी' येते. ज्यांनी जमिनी विकून खोल्या बांधल्या त्यांच्यापुढे 'भाडे' येते. त्या खोल्यांत बिहार, ओडिशा, मराठवाडा राहतो, आणि माझ्या वर्गात चार भाषांतून पाढे म्हटले जातात. स्थानिकांना शंभरात ऐंशी नोकऱ्या द्याव्यात असे सरकारी धोरण आहे. ते कायम नोकऱ्यांत किती पाळले जाते आणि ठेकेदाराच्या हजेरीत किती, हे गावात कोणालाही विचारावे.

माझा मामेभाऊ सात वर्षे अशाच एका कारखान्यात जातो. नाव घेत नाही. ठेकेदार तीनदा बदलला, यंत्र तेच, हात तेच. काही महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो. ब्रेक म्हणजे विश्रांती, असे मामांना सुरुवातीला वाटे. मुलगा घरी बसला की ते म्हणत, "बस की जरा, कंपनीनंच सांगितलंय." आता म्हणत नाहीत. वडिलांना रेल्वेने पेन्शन दिली. तिच्यावर आई आजही चार जणांत ताठ मानेने बसते. मामेभावाचा महिन्याचा पगार त्या पेन्शनपेक्षा कमी आहे, हे मी घरात बोललो नाही.

गेल्या जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी मुलीला पहिलीत घालायला आला. वर्गात गणितात हुशार होता. अर्ज मीच भरीत होतो. मुलीचे नाव झाले, जन्मतारीख झाली, आईचे नाव झाले. व्यवसायाच्या रकान्यापाशी मी पेन थांबवून त्याच्याकडे पाहिले. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, पंधरा तारखेपर्यंत 'कंपनी' लिहा."