मुसल्ल्यासारखं बेट

झांझिबारचं पेंबा बेट नकाशात पटकन सापडतं, पण त्याच्या पश्चिमेचं मिसाली शोधायला मला बरंच झूम करावं लागलं. नावाची गोष्ट मोठी गोड आहे. हजरत खिज्र तिथे आले, त्यांनी नमाजासाठी मुसल्ला मागितला. मच्छीमारांकडे तो नव्हता. तेव्हा ते म्हणाले, हे बेटच मक्केकडे तोंड करून आहे, मुसल्ल्यासारखंच की! म्हणून मिसाली. दंतकथाच, पण तिथले लोक बेटाला पवित्र मानतात.

तरीही त्याच पवित्र बेटाभोवती काही जण सुरुंग लावून मासे मारायचे. पाण्यात स्फोट झाला की दाबाच्या लाटेने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. थोडे तरंगतात, बाकीचे तळाला जाऊन फुकट. प्रवाळाचा चुरा होतो तो वेगळाच, आणि तो भरून यायला कित्येक दशकं लागतात. १९९८ साली सरकारने मिसाली संरक्षित जाहीर केलं. पण कागदावर नियम आले म्हणून सुरुंग थोडेच थांबतात? एवढ्या पाण्यावर पहारा देणार कोण? (आम्ही आयटीवाले तरी वेगळं काय करतो, पॉलिसी मेल केली की मोकळे!)

१९९९ मध्ये फझलून खालिद तिथे गेले. मूळचे श्रीलंकेचे, संस्था ब्रिटनमध्ये. त्यांनी लोकांना जमवून कुराणातून पर्यावरण शिकवलं. गंमत म्हणजे यात नवं असं काहीच नव्हतं. माणूस पृथ्वीचा मालक नाही, खलीफा म्हणजे विश्वस्त आहे. सृष्टीला एक मीजान, तोल आहे. तो बिघडवणं म्हणजे फसाद. आपल्या दंगाफसादातला फसाद तोच! कुराणात मात्र तो जमीन आणि समुद्र दोन्हीवर माणसाच्या करणीने माजलेल्या बिघाडासाठीही येतो. शब्द मदरशात लहानपणीच कानावरून गेलेले. ते आपल्या जाळ्याला लावून बघायचं राहून गेलं होतं, इतकंच. सरकारचा कायदा चुकवता येतो, अल्लाचा नाही, अशा अर्थाचं एका मच्छीमाराचं बोलणं तेव्हापासून सगळीकडे सांगितलं जातं. पुढे मदरशांतल्या शिक्षकांसाठी मार्गदर्शिकाही निघाली.

सगळं श्रेय धर्मशिक्षणाला द्यायला मी तयार नाही. मच्छीमारांची स्वतःची संघटना होती, केअरसारखी मोठी संस्था पाठीशी होती. आणि समोर टांझानियाच्या मुख्य किनाऱ्यावर, जिथे मुसलमान वस्ती काही कमी नाही, तिथे सुरुंग पुढेही बरीच वर्षं फुटत राहिले.