स्टुअर्ट

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव इतिहासवाचनात वारंवार येते आणि दर वेळी त्यातील 'स्टुअर्ट' या अंशापाशी मन रेंगाळते. प्राचीन इंग्रजीत 'स्टिग' म्हणजे वाडा आणि 'वेअर्ड' म्हणजे रक्षक. या दोहोंच्या संयोगातून धन्याच्या घरची व्यवस्था पाहणारा कारभारी, म्हणजे 'स्टुअर्ड', सिद्ध झाला. बाराव्या शतकात ब्रिटनी प्रांतातील वंशाचा वॉल्टर फिट्झॲलन स्कॉटलंडच्या राजाचा मुख्य कारभारी झाला, ते पद वंशपरंपरेने चालले आणि, आपल्याकडे फर्दनवीसाचा फडणीस होऊन हुद्द्याचे आडनाव व्हावे तसे, अंत्य 'ड'चा 'ट' होऊन ते त्या घराण्याचेच नाव ठरले. सहाव्या कारभाऱ्याने रॉबर्ट ब्रूस राजाची कन्या मार्जोरी हिच्याशी विवाह केला. त्यांचा पुत्र १३७१ साली दुसरा रॉबर्ट म्हणून सिंहासनारूढ झाला, आणि सेवकवाचक संज्ञा राजवंशाचे बिरुद बनली, हा अर्थोत्कर्ष मला विलक्षण वाटतो. फ्रान्सच्या दरबारात वाढलेल्या, याच घराण्यातील स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या काळात, फ्रेंच लेखनात दुर्मिळ असलेले डब्ल्यू हे अक्षर या नावाच्या लेखनातून गळाले. ॲन राणीच्या निधनाने १७१४ साली घराण्याची राजसत्ता संपली. आज 'स्टुअर्ट' हे व्यक्तिनाम म्हणूनही चालते, जहाजावर प्रवाशांची सरबराई करणारा तो 'स्टुअर्ड', आणि ब्रिटनचा युवराज 'स्कॉटलंडचा महाकारभारी' हा किताब अद्याप धारण करतो.